पीएचडीला विद्यार्थी का घेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, म्हणजे पेटचा, पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दर वर्षी तेच ते बोलावं लागणार नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानुसार असोसिएट प्रोफेसरला सहा विद्यार्थी घेता येतात, माझ्याकडे दोनच आहेत, मग बाकीच्या जागा का अडवून ठेवल्यात? भाव खातेय म्हणून नाही. मला डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत, विभागात सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही.

नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, रिकाम्या जागा, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललेला विभाग, हे तुम्हीही भोगताय, ते नको.

सांगायचंय ते आरएसीच्या, म्हणजे स्कॉलरचं काम तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीच्या, एका मीटिंगबद्दल. दर सहा महिन्यांनी होते तशीच. माझी विद्यार्थिनी प्रेझेंटेशन देत होती, फील्डवर्कचं विचारलं तर गप्प. एक्स्पर्टनी खोदून विचारल्यावर म्हणाली, फेलोशिप कित्येक महिने आलेली नाही, गावोगाव फिरायला पैसे नाहीत, सकाळी ज्युनियर कॉलेजला तासिकेवर शिकवतेय. मी तिची गाइड, तिथेच बसलेले, आणि मला हे बाहेरच्या माणसासोबत पहिल्यांदा कळत होतं, बाकीच्या सगळ्या स्कॉलर पोरांना माहीत होतं. नंतर केबिनमध्ये म्हटलं, अगं मला का नाही सांगितलंस, तर बॅगेची चेन मागेपुढे करत म्हणाली, “मॅडम, तुमचा चेहरा बघून वाटायचं, आपलं अजून कशाला घालायचं त्यात.” आणि उलट मलाच विचारलं, आता झोप लागते का.

तोवर मी ठासून म्हणायचे की मनाचं दुखणं केबिनबाहेर ठेवायचं, चॅप्टर वेळेवर तपासून दिला की गाइडचं काम झालं. चॅप्टर मी वेळेवरच द्यायचे हो, शेऱ्यांसकट, त्यात आजही कोणी बोट दाखवू नये! पण ती पोरगी दर भेटीत आधी माझा मूड बघून काय बोलायचं ते ठरवत होती, हे कुठल्या प्रोग्रेस रिपोर्टात येतं? विभागाच्या बोर्डावर टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावलाय, तो मुलांसाठीच असं आम्ही सगळे शिक्षक धरून चालतो.

मैत्रीण म्हणते, तू नाही घेतलंस तर ती पोरं एक पान न वाचणाऱ्या गाइडकडे जातील. खरंय, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरं वाटलं की घेईन असंही म्हणून बघते, पण किती बरं म्हणजे पुरेसं हे डॉक्टरही सांगत नाहीत. प्रपोजल घेऊन खुशाल या, वाचून देईन, गाइड म्हणून माझं नाव मात्र यंदा तरी घालू नका.