बोगद्यातले ४१ आणि 'तारण' हा शब्द: संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 'तारण म्हणजे काय' असं विचारलं, तर सोलापुरात उत्तर बहुधा पतसंस्थेतून येतं. चौकाचौकात 'सोने तारण कर्ज' अशी पाटी असते आणि मुलं पाट्या वाचतच मोठी होतात. त्यामुळे 'येशूने आपलं तारण केलं' हे ऐकताना काहीतरी गहाण ठेवल्याचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं यातून सुटतात, कारण त्यांच्या बायबलमध्ये 'रक्षण'च्या घरातला शब्द आहे. मराठी मुलांसाठी आधी 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण काढा. बुडत्याला वर काढणं म्हणजे तारणं, हे तिथे लगेच कळतं. मग गोष्टीकडे वळा.

गोष्ट सिलक्याराच्या बोगद्याची घ्या. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस, पहाटे साडेपाचचा सुमार. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात बांधकाम सुरू असलेल्या बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. त्यांना कामाची सवय होती, अंगात ताकद होती, फिरायला जवळपास २ किलोमीटरचा मोकळा बोगदाही होता. पण बाहेर यायला वाट नव्हती. मध्ये जवळपास ६० मीटर ढिगारा. मुलांना मीटर कळत नाहीत, म्हणून ६० मीटर सुतळी आधीच मोजून गुंडाळून न्या आणि चर्चच्या दारापासून उलगडत चला. सुतळी संपेपर्यंत वर्ग आपोआप गप्प होतो.

पहिले काही दिवस चार इंची पाइपातून हवा, कुरमुरे, सुका मेवा आत जात होता. २० नोव्हेंबरला सहा इंची पाइप पोहोचला आणि बाटल्यांत भरलेली गरम खिचडी गेली. इथे थांबा आणि विचारा, "खिचडी मिळाली, म्हणजे ते सुटले का?" मुलं एका आवाजात 'नाही' म्हणतात. हा प्रश्न गाळू नका. चर्चला येणं, गाणी पाठ असणं, नाताळात नवे कपडे मिळणं हे सगळं चांगलं आहे, पण त्यालाच तारण समजणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

पुढे ऑगर यंत्र, म्हणजे ढिगाऱ्यात आडवं भोक पाडणारं यंत्र, ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून मोडलं. शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी हातांनी खणले. ८०० मिलिमीटरच्या पाइपात शिरून एक जण खणायचा, दुसरा माती गोळा करायचा, तिसरा ती ट्रॉलीवरून बाहेर धाडायचा. २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी चाकांच्या स्ट्रेचरवर झोपवून एकेकाला बाहेर ओढलं. ४१ पैकी ४१.

आता कृती. ४० सेंटिमीटर दोरा आणि खडू घेऊन व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर वर्तुळ काढा. ८०० मिलिमीटर म्हणजे एवढंच. मग चार बाक दोन रांगांत समोरासमोर लावून वर चादर टाका. सोलापुरी चादर हाताशी असली, तरी ती जाड असते, आत कोंडतं. पातळ बेडशीट बरं. दोन्ही टोकं उघडी ठेवा. खाली दुमडलेल्या चादरीवर मूल झोपवा आणि मोठ्या माणसाने चादरीची दोन टोकं धरून सावकाश ओढा. दोर बांधू नका, तो गळ्याशी येतो. ज्याला दमा आहे किंवा अंधाराची भीती वाटते, त्याला ओढणाऱ्याच्या शेजारी उभं करा. मेमधल्या सुट्टीच्या वर्गात हे सकाळी नऊच्या आत उरका, त्यानंतर सोलापूरचं ऊन चादरीखाली कुणालाच सोसत नाही.

मूल बाहेर आलं की विचारा, "तू काय केलंस?" उत्तर येतं, "काही नाही, नुसता झोपलो." बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी ओवी इथेच वाचा, आधी नाही: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, आपल्या कर्मांनी नाही. आपल्या शिकवण्यात सर्वांत जास्त घोळ इथे होतो. 'विश्वास ठेव म्हणजे तारण होईल' हे मुलं 'गृहपाठ कर म्हणजे तारा मिळेल' या चालीवर ऐकतात आणि विश्वास हेही एक काम होऊन बसतं. स्ट्रेचरवर झोपलेला मजूर 'मी नीट झोपलो म्हणून वाचलो' असं कधी म्हणेल का? त्याने स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवलं. विश्वास हा असा आहे.

गोष्ट कुठे अपुरी पडते, हेही मुलांना सांगायलाच हवं. एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, "त्या मजुरांचा काय दोष होता?" काहीच नाही. ते अपघातात सापडले. पाप मात्र अपघात नाही. आपण स्वतः वाट सोडून गेलेलो असतो. हे बोगद्याच्या गोष्टीत ओढूनताणून बसवायला गेलात, तर पोटासाठी राबणाऱ्या माणसांवर दोष येतो. त्यासाठी लूक १५ मधला उधळ्या मुलगा पुढच्या रविवारी घ्या.

दुसरी उणीव किमतीची. आपल्या तारणासाठी येशूने स्वतःचा प्राण दिला. सिलक्यारात सोडवणाऱ्यांपैकी कुणी त्या ४१ जणांच्या जागी मरण पत्करलं नाही. म्हणून काही शिक्षक थायलंडच्या थाम लुआंग गुहेची गोष्ट घेतात. तिथे २०१८ साली १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक सुटले, पण हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना समन कुनान हे माजी नौसैनिक ६ जुलैला दगावले. गोष्ट काळजाला भिडते. तरी त्यांचं मरण ही दुर्घटना होती. येशू योहान १०:१८ मध्ये म्हणतो की त्याचा प्राण कुणी हिरावून घेत नाही, तो स्वतः देतो. हा फरक स्पष्ट सांगा. त्या शूर माणसाला येशूचं सोंग चढवू नका.

शेवटी 'कोणाला येशू हवा, हात वर करा' हे नको. या वयात मुलं टीचरला आवडावं म्हणून हात वर करतात, शेजारच्याने केला म्हणूनही करतात. शेजारपाजारची इतर धर्मांची मुलं आली असतील, तर त्यांच्या आईवडिलांना धड्याचा विषय आधीच सांगून परवानगी घ्या, आणि खाऊ सगळ्यांना सारखा द्या. छोटी प्रार्थना करा आणि वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं बाकावर बसून राहा. ज्याच्या मनात काही उरलं असेल, तो चादरीची घडी घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळतो. त्याचं आधी ऐकून घ्या.