टूल बोर्डवरचा सहा नंबर

संध्याकाळी पावणेसहाला टूल बोर्डवरची सहा नंबरची जागा रिकामी दिसली आणि तिथून पुढचे साडेचार तास आमच्या हँगरमध्ये कोणी चहाचं नाव काढलं नाही.

टूल बोर्ड म्हणजे भिंतीला ठोकलेला लाकडी फळा. जे हत्यार जिथे टांगायचं, तिथे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली असते. हत्यार जागेवर असलं की सावली झाकली जाते, नसलं की दारातूनसुद्धा डोळ्यांत खुपते. हत्यार नेताना आपला पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा. सहा नंबर म्हणजे वीतभर लांबीचा, चपट्या तोंडाचा, लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. खिळ्यावरचा बिल्ला माझा होता.

साल १९९१, जानेवारी महिना. गोव्यातलं दाबोळी, आयएनएस हंसा हा नौदलाचा विमानतळ. मी चोवीस वर्षांचा, देवगडकडचा, नौदलाच्या हवाई शाखेत इलेक्ट्रिकलचं काम करणारा. माझी विमानांची तुकडी स्क्वॉड्रन ३१०, म्हणजे कोब्राज, नाग. आपसात आम्ही नुसतं ‘थ्री-टेन’ म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पाच-दहा रुपयांचं हत्यार, नवीन आणा की! पण विमानाच्या पोटात फरशी नसते. तिथे सळ्या, तारा, कप्प्या आणि त्यांच्यामधल्या फटी असतात. विमान वळलं की सुटा स्क्रू-ड्रायव्हर घरंगळत जातो आणि शेपटीकडच्या सळीत आडवा बसला तर पायलटने दांडा ओढला तरी नाक वर येत नाही. म्हणून नियम एकच: हत्यार सापडत नाही तोवर विमान उडत नाही. आणि मी ज्या अलिझे विमानावर दिवसभर काम केलं होतं, त्याची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, सकाळी सहाची होती.

चीफ, म्हणजे आमचे वरिष्ठ, आले. मलयाळी माणूस, बुटका, अंगावरच्या ओव्हरऑलला कधी डाग नाही. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला, परत खिळ्याला लावला आणि म्हणाले, "सब पैनल खोलो."

सगळी पॅनेल्स म्हणजे काय, हे ज्याने अलिझे पाहिली आहे त्यालाच कळेल. ब्रेगे कंपनीचं हे फ्रेंच विमान. नाव व्यापारी वाऱ्यांवरून ठेवलेलं, दिसायला मात्र वाऱ्यासारखं काही नाही, गाभण म्हशीसारखं. पुढे एकच डार्ट इंजिन, चार पात्यांचा पंखा. डार्ट म्हणजे फोकर आणि अॅव्रो विमानांत असायचं तेच घराणं, त्याची शीळ घालणारी किंकाळी ज्याने एकदा ऐकली तो झोपेतही ओळखतो. आत तीन माणसं. पोटात बॉम्बचा कप्पा आणि त्याच्या मागे रडारचा डबा, जो उडताना खाली सोडायचा आणि काम झालं की वर ओढून घ्यायचा. पंखांवर दोन्ही बाजूंना दोन फुगीर पोटल्या. चाकं त्यांत मिटायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाणबुडीचा आवाज ऐकायची तरंगती यंत्रं, भरायचे. पंख दुमडणारे. शेपटीखाली हूक, जहाजावर उतरताना तार पकडायला. एवढ्या सगळ्या कोनाड्यांत एक वीतभर लाल मूठ शोधायची.

मी पोटलीत हात घातला. खांद्यापर्यंत. आत ग्रीस, जुना रंग आणि समुद्राचं मीठ यांचा मिळून एक वास असतो, तो तीस वर्षं साबणाने धुतलेल्या पत्र्यातूनही जात नाही. बोटांना रिव्हेटांच्या ओळी लागत होत्या. एके ठिकाणी ओळ तुटून आडवी जात होती, म्हणजे कधीतरी इथे ठिगळ लागलं होतं. कधी, कुणी लावलं, माहीत नाही. त्या विमानाचं वय माझ्याहून जास्त होतं.

थ्री-टेन उभी राहिली २१ मार्च १९६१ रोजी, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या इएर इथे. विक्रांत हे विमानवाहू जहाज तेव्हा नुकतंच नौदलात दाखल झालेलं, तिच्यावरून उडून पाणबुड्या शोधायच्या हे या स्क्वॉड्रनचं काम ठरलेलं. सोनोबॉय पाण्यात टाकायचा, तो तरंगत राहतो, खाली कान सोडतो आणि पाण्याखाली ऐकू येईल ते रेडिओवरून वर विमानाला सांगतो. म्हणजे मुळात आमचं काम ऐकण्याचं. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईत विक्रांत किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीला होती आणि तिच्या अलिझे पहारा देत होत्या. ज्या दाबोळीच्या धावपट्टीवर तेव्हा पोर्तुगिजांचा ताबा होता, तीच पुढे नौदलाकडे आली आणि १९६४ साली हंसा तिथे हलली. गोव्यावर बाहेरून नजर ठेवणारी मंडळी गोव्यातच भाड्याने खोल्या शोधू लागली. वास्कोत आमच्या खोलीची मालकीणबाई मला म्हणायची, "तुमी नेव्हीवाले पयलीं दर्यांतल्यान पळयताले, आतां खिडकेंतल्यान पळयतात."

आठ वाजले तरी काही नाही. सीटा बाहेर काढल्या. टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन एक जण शेपटीच्या बोगद्यात गेला, जेमतेम अंगकाठीचा म्हणून त्यालाच पाठवलं. बॉम्बच्या कप्प्याखाली चीफ स्वतः उताणे झोपले. मी बाजूला टॉर्च धरून.

"१९७१ में इसी में बम भरते थे हम," ते वर बघतच म्हणाले. हा माणूस सहसा बोलत नसे. विसाव्या वर्षी ते विक्रांतवर होते. त्या साली विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. हे ऐकायला साधं वाटतं. पण विमानवाहू जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळतं, तेव्हा डेकवर जो वारा मिळतो त्याच्या जिवावर विमान उचललं जातं. जहाज हळू म्हणजे वारा कमी, वारा कमी म्हणजे कॅटापल्टने फेकलेलं विमान पुढे तरंगेल की पाण्यात बसेल याची धास्ती. तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉक ही लढाऊ विमानं दिवसा आणि अलिझे रात्री, पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर गेल्या. पाणबुड्यांचा कानोसा घेणारं विमान अंधारात धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकू लागलं. कुणी नवं विमान दिलं नव्हतं. होतं त्यालाच नवं काम दिलं. "हम लोग डेप्थ चार्ज के आदमी थे," चीफ म्हणाले, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या, पाणबुडीवरच्या बॉम्बची माणसं, "रात को मॅन्युअल खोल के देखा, बम कैसे टांगते हैं." मग थोडं थांबून, "पश्चिम में एक गया." ते १० डिसेंबरबद्दल बोलत होते. त्या दिवशी पश्चिमेच्या समुद्रावर स्टारफायटर या पाकिस्तानी लढाऊ विमानाने आमची एक अलिझे पाडली. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन साथीदार परत आले नाहीत.

कप्प्यात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता.

एव्हाना माझ्या डोक्यात दिवस उलटा फिरत होता. सकाळी दिव्याचं फिटिंग. मग वायरिंगची तपासणी. मग जेवणाची सुट्टी. आणि जेवणाच्या सुट्टीपाशी आलो की मन तिथून पटकन पुढे सरकत होतं. आता लिहिताना कबूल करतो, साडेसातच्या सुमारासच मला शंका आली होती. पण तोंडातून शब्द निघेना.

झालं होतं असं. त्या दिवशी सकाळी तटरक्षक दलाचं एक डॉर्निअर विमान आमच्या शेजारच्या डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, येऊन उभं राहिलं होतं, रात्रीच्या मुक्कामाला. पांढरंशुभ्र, दोन इंजिनांचं, उंच पंखांचं, कानपूरला बनलेलं. आमच्यात महिनोन्‌महिने कुजबुज होती की अलिझे जाणार आणि थ्री-टेनला हेच मिळणार. कुजबुजीला कारणही होतं. १९८७ नंतर विक्रांत गोदीत गेली ती कॅटापल्ट काढून, पुढे स्की-जंपचा चढ बांधूनच बाहेर आली. सी हॅरिअर या लढाऊ विमानाला तो चढ पुरतो, अलिझेला कॅटापल्टशिवाय गती नाही. जहाजावरून पाणबुडी शोधायचं काम सी किंग हेलिकॉप्टरांकडे गेलं होतं. आमच्या विमानाचा हूक आम्ही दर पंधरा दिवसांनी तपासायचो, तेल द्यायचो आणि त्याला पकडायला तारच नव्हती. स्क्वॉड्रनची भूमिका बदलली असं कागदावर एका ओळीत लिहितात. हँगरमध्ये ती अशी दिसते, की हूकचं काम करणारा जो सगळ्यात हुशार गडी असतो, तो दुपारी कॅरम खेळायला लागतो.

चीफ त्या डॉर्निअरकडे फिरकले नव्हते. दिवसभरात त्याच्या समोरून चार वेळा गेले असतील, मान वळवली नाही. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मेकॅनिकशी ओळख काढली. तो रत्नागिरीचा निघाला. मग काय, "ये रे, बघ आतून." मी आत गेलो आणि मागच्या रडारच्या स्क्रीनसमोरच्या खुर्चीत पाच मिनिटं बसून आलो. तेव्हा मागच्या खिशात काय होतं?

सव्वानऊला चीफपाशी गेलो. सगळं सांगितलं. अलिझे समोर उघडी पडली होती, पॅनेल्स जमिनीवर ओळीने मांडलेली, स्क्रू डब्यांत, सीटा भिंतीला टेकवलेल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलने में कितना टाइम लगा?"

"दोन तास, चीफ साब."

"उतने में ये आधा बंद हो जाता." एवढंच. मग मला घेऊन ड्यूटी ऑफिसरकडे, तिथून तटरक्षक दलाच्या क्रूकडे. झोपलेल्या माणसांना उठवून आमचं हत्यार तुमच्या विमानात राहिलंय म्हणून सांगायचं, यासारखी लाजिरवाणी वरात दुसरी नसेल. रत्नागिरीकर डोळे चोळत आला. विमानाचं दार उघडलं. चीफ बाहेरच उभे राहिले, मला म्हणाले, जा.

खुर्ची रुळावर पुढेमागे सरकणारी होती. टॉर्चच्या उजेडात रुळाच्या मागच्या टोकाला लाल मूठ दिसली. त्यांचं उड्डाण पहाटे साडेपाचचं, आमच्याही आधीचं.

सव्वादहाला सहा नंबर बोर्डवर गेला. मग रात्रभर अलिझे बंद करत बसलो. मला चौदा दिवसांची जादा ड्यूटी लागली. त्यातली पहिली, म्हणजे दर शिफ्टला सगळी हत्यारं मोजून सही करणं, निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून सुटली नाही.

अलिझे त्याच वर्षी गेल्या. थ्री-टेनला डॉर्निअर मिळाली आणि मी त्यांवर शिकलो, पुढची बरीच वर्षं तीच केली. काम आता जहाजावरून उडण्याचं नव्हतं. किनाऱ्यावरून निघायचं, तासन्‌तास समुद्र न्याहाळायचा, कोणतं जहाज कुठे चाललंय ते टिपायचं. आमच्या बाजारात एका दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. आजोबा गूळ विकायचे, नातू मोबाइल विकतो, लोक अजून ‘गुळवाल्याकडे’ जातात. स्क्वॉड्रनचंही तसंच. नंबर तोच, नाग तोच, माल वेगळा. मला स्वतःला ही सरळसोट गस्त आवडली, पण जुन्यांना ती कधी रुचली नाही, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

सोपं काम म्हणून सुरक्षित, असंही नाही. २४ मार्च २०१५ च्या रात्री थ्री-टेनचं डॉर्निअर गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. मी तेव्हा घरी होतो, टीव्हीखालच्या पट्टीत वाचलं. एका अधिकाऱ्याला मासेमारीच्या बोटीवरच्या लोकांनी वाचवलं. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत वाचले नाहीत. तीनच दिवसांपूर्वी स्क्वॉड्रनचा चौपन्नावा वाढदिवस होऊन गेला होता. त्या रात्री मी उगाच उठून घरातल्या पेटीतला पाना, पक्कड मोजून आलो. बायकोने विचारलं नाही. तिला सवय आहे.

पण त्या जानेवारीतल्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. स्क्रू-ड्रायव्हर सापडला, मी खाली उतरलो, चीफच्या हातात दिला. त्यांनी मूठ पुसली, नंबर वाचला, खिशात ठेवला. रत्नागिरीकर दार लावायला पुढे झाला तेव्हा ते म्हणाले, "एक मिनट."

मग मला विचारलं, "सीट कैसी है?"

"चांगली आहे, चीफ साब. पाय पसरता येतात."

त्यांनी बूट पायरीवर आपटून झटकले आणि आत गेले. आतला दिवा लावला नाही. बाहेरून मला त्यांची फक्त डोक्याची बाजू दिसत होती, बंद स्क्रीनसमोर ताठ. दहा मिनिटं तरी झाली असतील. रत्नागिरीकराने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले.

उतरले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे सगळे खिसे चाचपले, एकेक करून. मग टॉर्च मागितला आणि खुर्चीखाली पुन्हा एकदा बघून आले.