नेरळ, माथेरान, मिरकरवाडा : चौथऱ्यावर उभ्या केलेल्या वाफेच्या इंजिनांची तपासणी

कोकणात उघड्यावर ठेवलेलं वाफेचं इंजिन रंग उडाला म्हणून संपत नाही. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून संपतं. बाहेरून दरवर्षी चकचकीत काळा हात मारलेला असतो आणि टाकीचा तळ मात्र बोट लावलं तर भुगा होतो. ही तपासणी कशी करायची आणि रंगकामाची तयारी कुठून करायची, यासाठी हा मार्ग आम्ही सुचवतो : आधी नेरळ, मग माथेरान, तिथून पनवेलमार्गे कोकण रेल्वेने रत्नागिरी.

नेरळ-माथेरानच का, तर इथे तुलना करता येते. १९०७ साली सुरू झालेल्या या २ फुटी (६१० मिमी) मार्गासाठी ओरेन्स्टाइन उंड कोपेल या जर्मन कारखान्याची चार इंजिनं होती, क्रमांक ७३८ ते ७४१. त्यांतलं ७३८ नेरळला आहे आणि ७४१ माथेरानला. ७३९ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, ७४० ब्रिटनमध्ये. म्हणजे एकाच घडणीचं, एकाच वयाचं लोखंड एकीकडे डोंगराच्या पायथ्याशी आणि दुसरीकडे सुमारे ८०० मीटर उंचीवर बघायला मिळतं. पावसाळ्यात वरच्या पठारावर ढग आठवडे आठवडे बसून असतात. पाऊस थांबला तरी पत्रा वाळत नाही. गंज किती चढणार हे पाऊस किती पडला यापेक्षा लोखंड किती तास ओलं राहिलं यावर ठरतं, हे मनात ठेवून दोन्हीकडे त्याच क्रमाने, त्याच जागा बघाव्यात.

कधी जायचं

दोन वेळा योग्य. पहिली दसऱ्याच्या आसपास, पाऊस नुकताच ओसरला असताना. अडकलेलं पाणी तेव्हाच सापडतं. डिसेंबरात गेलात तर सगळं कोरडं दिसतं आणि रोग लपतो. दुसरी मे महिन्यात, मृगाचा पाऊस लागण्याआधी, झाकणं आणि निचऱ्याची भोकं तपासायला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर एक अडचण धरून चाला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) हा भाग बंद असतो आणि तो साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो. तोवर नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका आणि पुढे अमन लॉजहून माथेरानपर्यंत शटल. दस्तुरीच्या पुढे खाजगी गाडी जात नाही, त्यामुळे अवजारं खांद्यावर. पूर्ण मार्ग सुरू असेल तर छोट्या गाडीत जागा मोजक्याच असतात. मुंबईहून पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल धरून तिकिटाची खिडकी उघडण्याआधी रांगेत उभं राहणं बरं. वर माकडं पिशव्या ओढतात, म्हणून डबा आणि मापयंत्र एका पिशवीत ठेवू नये.

नुसतं बघायला आणि फोटो काढायला अडचण येत नाही. इंजिनाला हात लावायचा, झाकण उघडायचं किंवा जाडी मोजायची असेल तर रेल्वेची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तिची प्रत स्टेशन मास्तरांना दाखवूनच काम सुरू करावं. प्रत्येक इंजिनाला दोन-अडीच तास पुरतात.

बरोबर काय घ्यायचं

डोक्याला बांधायची विजेरी, लवचिक दांड्याचा छोटा आरसा, २०० ग्रॅमची हातोडी, लाकडी मुठीचा टोच्या, खडू, फूटपट्टी, आणि अल्ट्रासॉनिक जाडीमापक (ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजणारं यंत्र). जाडीमापकाबाबत एक चूक सर्रास होते. साध्या यंत्राला रंग आणि पोलाद यातला फरक कळत नाही. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५,९०० मीटर, रंगात त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे १ मिमी जुना रंग यंत्राला जवळजवळ अडीच मिमी पोलाद वाटतो. शंभर वर्षांचे थर चढलेल्या पत्र्यावर हा फरक जीवघेणा आहे : ४ मिमी उरलेला पत्रा ६ मिमीचा दिसतो. एकतर रंग आपोआप वगळणारं, अनेक प्रतिध्वनींवर चालणारं यंत्र घ्यावं, नाहीतर परवानगीने रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडून मोजावं आणि लगेच प्रायमर लावून बुजवावं.

कुठे बघायचं

सुरुवात वरून करू नये. आधी खाली वाकावं.

साइड टँकचा, म्हणजे बॉयलरच्या बाजूंना असलेल्या पाण्याच्या टाक्यांचा, तळ ही पहिली जागा. पाणी भरण्याचं झाकण नीट बसत नाही, पावसाचं पाणी आत जातं, तळाशी बसलेला गाळ निचऱ्याचा कॉक बुजवतो आणि पुढचे चार महिने टाकी अर्धी भरलेली. टाकीच्या बाहेरच्या अंगावर हातोडी हलकेच वाजवत खाली यावं. पाणी किंवा गाळ आहे तिथे आवाज बसका होतो. तळापासून ५० मिमी उंचीवर, दर १०० मिमी अंतराने जाडी मोजावी. सगळ्यात कमी आकडा बहुतेक वेळा तळात नाही, तर पाण्याची रेघ राहते तिथे मिळतो, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही असतात.

दुसरी जागा स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धुराड्याखालची पेटी. धुराड्याला झाकण नसेल तर पाऊस सरळ आत. तिथे उरलेल्या काजळीत आणि राखेत गंधक असतो, त्यात पाणी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. इंजिन बंद केल्यानंतर राख काढलेलीच नाही, असं चौथऱ्यावरच्या कितीतरी इंजिनांबाबत घडतं. ओली राख काढायला लाकडी फावडं वापरावं, मग पाण्याने धुऊन, कापडाने पुसून, वारा लागू द्यावा. तळात १२ मिमीचं एक निचऱ्याचं भोक आणि धुराड्यावर, चारी बाजूंनी ३० मिमी फट सोडून बसवलेली पत्र्याची टोपी, एवढ्याने अर्धं काम होतं. टोपी घट्ट बसवू नये. हवा कोंडली की रात्री आत दव धरतं.

बॉयलरचंही तसंच. पूर्ण बंद करून ठेवायचा असेल तर आत ओलावा शोषणारी सिलिका जेल ठेवावी लागते आणि ती ठरावीक काळाने भाजून परत घालावी लागते. हे वर्षानुवर्षं नेमाने होईल अशी खात्री असेल तरच ती वाट धरावी. नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसते, तर खालचे धुण्याचे प्लग काढून त्या भोकांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवावी. हवा खेळते, पाणी साचत नाही, गांधीलमाशा घर करत नाहीत.

बॉयलरवरच्या पातळ पत्र्याच्या आवरणाखाली काय आहे हे बघायची घाई करू नये. जुन्या इंजिनांत तिथे ॲस्बेस्टॉस असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत ते आवरण उघडू नये, ठोकू नये, त्यावर तारेचा ब्रश फिरवू नये. जुन्या रंगात शिसं असतं, तेही कोरडं घासू नये. ओलं करून खरवडावं, खाली ताडपत्री अंथरावी, तोंडाला धुळीचा योग्य मास्क लावावा. कापडी रुमाल चालत नाही.

या इंजिनांची खास गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचे क्लीन-लिंडनर आस. २० फुटांना एक फूट चढ आणि अगदी तंग वळणं, त्यात सहा जोडलेली चाकं. ती वळावीत म्हणून आतला भरीव आस चौकटीत धरलेला आणि त्याच्याभोवती चाकांसकट फिरणारा पोकळ आस, दोघांचा सांधा मधोमध गोलाकार. चाकं बाजूला सरकतात, तिरकी होतात, पण जोडदांड्या सरळ चालतात. या रचनेमुळेच दोन आसांमधली फट हा पाण्याचा लपलेला सापळा होतो. बाहेरून काही दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला लालसर ओघळ आले आहेत का ते आरशाने बघावं. असतील तर मापं आणि फोटो घेऊन थांबावं. जबरदस्तीने चाक फिरवायला जाऊ नये, जाम झालेला सांधा तुटला तर तसा नवा कुठे मिळत नाही.

रिव्हेटच्या रांगांत दोन पत्र्यांमध्ये गंज फुगून पत्रा लाटेसारखा झाला असेल तर ती जागा खडूने आखून घ्यावी. अशा फटीत लांबी (पुटी) भरून वरून रंग मारणं हे सर्वात वाईट काम. पाणी आतच बंद होतं. फट वाळवून पातळ, आत शिरणारं इपॉक्सी सीलर सोडावं आणि खालची कड उघडी ठेवावी.

शेवटी चौथरा. कोकणात तो हमखास जांभ्याच्या चिऱ्यांचा असतो आणि जांभा पाणी पितो. रूळ थेट काँक्रीटमध्ये गाडलेले असले तर चाकांच्या कडा वर्षातले सहा महिने ओल्यात राहतात. रूळ पृष्ठभागापासून किमान १०० मिमी वर, खाली खडी, बाजूला उतार, असं असावं. वर छप्पर घालायचं तर दोन्ही बाजूंनी किमान दीड मीटर बाहेर आलेलं, नाहीतर आपल्याकडचा तिरका पाऊस पुरता आत येतो.

रत्नागिरी

माथेरानहून उतरून पनवेलला कोकण रेल्वे धरायची. मांडवी एक्सप्रेस दिवसाची आहे आणि बाहेर बघण्यासारखं भरपूर. रत्नागिरी स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर, तिथून रिक्षाने मिरकरवाडा बंदर.

बंदरावर जायचं कारण हे की खाऱ्या हवेत लोखंड कसं टिकवायचं हे जाळं ओढणाऱ्या होड्यांची विंच, सुकाणू आणि पंख्याचा दांडा सांभाळणाऱ्यांना रोजच्या कामाने माहीत असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांचं रंगकाम डोळ्यांनी बघता येतं. जहाजी रंगाची दुकानंही बंदराच्या आसपासच शोधावीत. साध्या हार्डवेअरच्या दुकानात दोन डब्यांचा (दोन घटक मिसळून लावायचा) इपॉक्सी रंग मागितला तर अनेकदा एनॅमल पुढे येतो. होड्यांना जस्ताच्या वड्या लावलेल्या दिसतील, त्या मात्र इंजिनासाठी घेऊ नयेत. त्या पाण्यात बुडालेल्या लोखंडालाच उपयोगी; हवेत उभ्या इंजिनावर त्या काहीच करत नाहीत.

रंगाचा क्रम आम्ही असा ठेवतो. आधी गोड्या पाण्याने धुणं, मग घासणं, मग परत धुणं. पहिल्या धुण्याआधी घासलं तर मीठ गंजाच्या खळग्यांत आणखी रुततं. समुद्राजवळ क्लोराइडची, म्हणजे मिठाची, चाचणी करावी आणि चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर पुन्हा धुवावं. रंगाखाली राहिलेलं मीठ ओलावा ओढून घेतं, वर्षभरात फोड येतात.

जस्ताचा प्रायमर वाळूच्या माऱ्याने पांढऱ्या धातूपर्यंत साफ केलेल्या पत्र्यावरच चालतो, कारण जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श हवा. चौथऱ्यावर हाताने घासलेल्या पत्र्यावर तो पापडासारखा सुटतो. तिथे हाताच्या सफाईवर धरणारा इपॉक्सी मॅस्टिक (जाड थराचा इपॉक्सी रंग), वाळल्यावर १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). त्यावर अभ्रकी लोह ऑक्साइडचा इपॉक्सी १०० मायक्रॉन, आणि वरून ५० मायक्रॉन पॉलियुरेथेन. शेवटचा हात टाळू नये, इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरा पडतो. कडा, रिव्हेट आणि जोड यांना प्रत्येक थराआधी ब्रशने वेगळा हात द्यावा, रंग तिथूनच पातळ होतो.

प्रमाण काढायची रीत : डब्यावर लिहिलेली घन पदार्थांची टक्केवारी गुणिले १०, भागिले मायक्रॉन. ८० टक्क्यांचा मॅस्टिक १२५ मायक्रॉनला लिटरमागे ६.४ चौ. मी. बसतो. ३० टक्के वाया धरले तर साडेचार. ४० चौ. मी. पृष्ठभागाला एका थरासाठी नऊ लिटर. डबे एकाच बॅचचे घ्यावेत, आणि एका वेळी अर्धा तास पुरेल एवढंच मिश्रण करावं. इथल्या उष्म्यात मिश्रण वापरायची डब्यावरची मुदत निम्म्यावर येते.

काम दिवाळी ते शिमगा यांदरम्यान. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, हे दोन्ही मोजूनच डबा उघडावा. थंडीत सकाळी दहाच्या आधी हे जुळत नाही आणि दुपारी चारनंतर पुन्हा बिघडू लागतं. जोडदांड्यांना चंदेरी रंग फासू नये; रॉकेलने पुसून लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) पातळ थर द्यावा, तो मे आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा नवा करावा.

मोजलेले आकडे, जागेच्या आराखड्यासकट, दोन प्रतींत ठेवावेत : एक इंजिन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. पुढच्या ऑक्टोबरात त्याच खुणांवर जाडीमापक टेकवलं की पत्रा वर्षाला किती झिजतो हे कळतं, आणि कोणत्या टाकीचा तळ आधी बदलायचा याचा निर्णय तिथेच होतो.