भांगलणीच्या आधी

पावसानं जरा उघडीप दिली की कळंब्यातल्या आमच्या घरामागच्या जागेत गुडघाभर रान माजलेलं दिसतं. भांगलायला मावशी येतात. त्यांनी खुरपं टेकवायच्या आत मी आडवा जातो. ओळख पटल्याशिवाय काही उपटू द्यायचं नाही, ही माझी जुनी खोड. घरचे तिला जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काँग्रेस गवताला तेवढी माफी नाही. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस पडलं आणि मग देशभर झालं. हात लागला की खाज. फुलायच्या आत मुळासकट काढायचं, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं.

बाकीच्यांची मात्र रीतसर चौकशी होते. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात. वरून उपटला तर मातीतली गाठ तशीच राहते आणि पुन्हा कोंब फुटतात, म्हणून मावशींचा त्याच्यावर दात. केना मला स्वतःला उपटवत नाही. सकाळी निळं फूल, दुपारी मिटलेलं. ह्याला मातीच्या खालीही फुलं येतात, कधीच न उमलणारी, आतल्या आत बी धरणारी. ओल्या मातीतून अलगद उपसून बघा, मुळांपाशी पांढरट फुटव्यांवर ती बारकी पुडकी लागलेली असतात.

मोबाइलवर फोटो काढला की झाडाचं लॅटिन नाव सांगणारी सोय आता आहे. पण ऊन कलल्यावर त्याच झाडाचा फोटो काढला की वेगळंच नाव येतं.

आमच्या आजीला असली सोय लागली नाही. गारगोटीकडं तिच्या भुईमुगात बायका पात धरून भांगलत पुढं सरकायच्या, मागं आम्ही पोरं. आघाड्याचे तुरे एकमेकांच्या सदऱ्याला चिकटवायचे, गुडघा फुटला की दगडीपाला चोळून त्याचा रस लावायचा आणि बोंबलायचं. आजीचा हात एवढा झपझप चालायचा, तरी मधूनच काहीतरी तणाच्या ढिगात न जाता ओच्यात जायचं. तांदुळजा, पाथरी, कुर्डूची कोवळी पानं. रात्री तेच भाकरीबरोबर ताटात. बांधावरच्या आघाड्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. गणपतीच्या पत्रीला लागतो. पात पुढं गेली तरी त्याच्याभोवतीची माती न हललेली असायची.

यंदा पाण्याच्या टाकीमागं एक अनोळखी पाहुणा उगवलाय. केसाळ पानं, समोरासमोर. दांडा चौकोनी, म्हणजे तुळशीच्या गोतातला असावा. मावशींनी पान चुरगळून हुंगलं.

"वास तर बरा हाय. पर काका, शेरडं खात्यात का बघा आदी, मग ठरवू."

कळंब्यात आता शेरडं आणायची कुठून? तोवर त्याच्याभोवती विटांचं कुंपण घातलंय.

शेजारच्यांचं म्हणणं, दोघांनी मिळून मागं पेव्हिंग ब्लॉक घालून घेऊ, डास कमी होतील, गाडीही लावता येईल. खर्च निम्मा निम्मा. घरात सगळ्यांना पटलंय. मी आपलं दिवाळीनंतर बघू म्हटलंय.