तुम्ही विचारलंत म्हणून: गिऱ्हाईक नसलेले शेअर मी का घेते?

"काकी, दिवसाला पन्नास शेअरसुद्धा हलत न्हाईत, असल्या कंपनीत तुमी पैसं घालता. उद्या नड लागली तर इकायचं कुणाला?"

परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलानं विचारलं. बहिणीनं हेच विचारलंय, आणि ब्रोकरच्या ऑफिसातला मुलगा तर दर सहा महिन्यांनी विचारतो. आजवर प्रत्येकाला उभ्या उभ्या काहीतरी सांगून वाटेला लावलं. आता बसून लिहिते.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. शेअर बाजाराचं शिक्षण म्हणाल तर तेवढंच. वही नफा दाखवते आणि सात तारखेला पगाराला पैसे नसतात, हे मी माझ्याच हातानं लिहिलेल्या वहीत बघितलंय. कास्टिंग गेलं, बिल फाडलं, विक्री धरली, नफा दिसला. पैसे मात्र सहा महिन्यांनी, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. म्हणून मी कुठल्याही कंपनीचा ताळेबंद उघडते तेव्हा नफ्याच्या ओळीवर थांबत नाही.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पैसे अडकतात. अगदी खरं आहे. आणि अडकतात म्हणूनच ते शेअर स्वस्त मिळतात. म्युच्युअल फंडाला वीस कोटींचा माल घ्यायचा असतो. ज्या शेअरची दिवसाची उलाढाल चाळीस हजार रुपये, तिथं तो शिरणार कसा आणि निघणार कसा? त्यामुळे त्या कंपनीकडे कुणी मोठा माणूस बघत नाही, तिच्यावर कुणी अहवाल लिहीत नाही, टीव्हीवर तिचं नाव येत नाही. मला घ्यायचे असतात पाचशे-सहाशे शेअर. तेवढी जागा तिथं असते. मोठ्या पैशाला जिथं जाता येत नाही तिथं लहान माणूस जाऊ शकतो, आणि बाजारात आपल्याला मोठ्यांपेक्षा सरस असं मला एवढंच सापडलंय.

एकदा काय केलं ते आकड्यांनिशी सांगते. २०१८ च्या जूनमध्ये मी एका झडपा बनवणाऱ्या जुन्या कंपनीचे शेअर घ्यायला सुरुवात केली. नाव सांगत नाही, कारण कुणी डोळे झाकून घेतलेले मला नको आहेत. भाव ११८ रुपये. वर्षाचा नफा शेअरमागे १९ रुपये. कर्ज नाही. बँकेतल्या ठेवीच शेअरमागे ९० रुपयांच्या. लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना वाटलेले पैसे, शेअरमागे ६ रुपये, आणि तो अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नव्हता.

स्क्रीनवर त्या दिवशी विकणाऱ्यांच्या बाजूला काय होतं बघा: १२१ ला २५ शेअर, १२६ ला ४०, १३८ ला १००. बस्स, संपलं. समजा मी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्याची ऑर्डर, टाकून दीडशे शेअर मागितले असते. पहिले २५ मिळाले असते १२१ ला, पुढचे ४० मिळाले असते १२६ ला आणि उरलेले ८५ थेट १३८ ला. सरासरी पडली असती १३२ रुपये. पाच मिनिटांच्या घाईपायी शेअरमागे चौदा रुपये जास्त, म्हणजे दोन वर्षांच्या लाभांशाहून अधिक. असल्या शेअरला मार्केट ऑर्डर कधीच टाकायची नाही. टाकायची ती लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी, आणि तीही थोडी थोडी. सव्वानऊला बाजार उघडला की चहा घेता घेता ११९ ला तीस शेअरची ऑर्डर टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. साडेतीनला बघायचं. बहुतेक दिवस काहीच झालेलं नसायचं. कधी चार शेअर, कधी अकरा. एका बुधवारी अचानक १८० शेअर कुणीतरी विकायला काढले. कुणाच्या घरी लग्न असेल, कुणाची फी भरायची असेल. त्या दिवशी ऑर्डर वाढवली, आणि त्यातले मला शंभर मिळाले. असे ६०० शेअर व्हायला सात महिने लागले. सरासरी ११९ पडली, एकूण ७१ हजार ४०० रुपये.

मग गुळाचा सौदा आठवतो. आमचे वडील शाहू मार्केट यार्डात गूळ घेऊन जायचे. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडलेले, भोवती व्यापारी, बोली लागायची आणि त्या ढिगाचा भाव तिथल्या तिथं ठरायचा. त्या वेळेला यार्डात दोनच व्यापारी असले तर चांगल्या गुळालाही भाव मिळत नसे, आणि वडील तो परतही आणू शकत नसत. गुळाला पाणी सुटतं. शेअरला पाणी सुटत नाही, एवढा फरक माझ्या कामी आला. फार कमी हलणाऱ्या शेअरसाठी २०१३ साली सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, असाच लिलाव सुरू केला. दिवसभर सलग व्यवहार नाही. ठरावीक वेळेत सगळ्यांच्या ऑर्डर गोळा होतात आणि ज्या भावाला जास्तीत जास्त माल हातोहात जाईल तो एक भाव ठरतो. तिथं घाई करणाऱ्याला आणि थांबणाऱ्याला एकच भाव मिळतो, म्हणून मला ती पद्धत आवडते.

आता पाटीवरच्या, म्हणजे बाजाराच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या, भावाबद्दल, कारण त्यावरून फार गैरसमज आहे. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाची कंपनी आठवत असेल. तिच्याकडे एशियन पेंट्स ह्या रंगांच्या कंपनीचे एवढे शेअर आहेत की तिची खरी किंमत पाटीवरच्या भावाच्या कितीतरी पट होती. वर्षानुवर्षं पाटीवर तिचा भाव काही रुपयांचा. २९ ऑक्टोबर २०२४ ला अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी विशेष लिलाव झाला आणि ३ रुपये ५३ पैशांचा शेअर त्या एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. त्या आठवड्यात मला निदान दहा जणांनी विचारलं, काकी, असला एखादा शेअर सांगा की. पण त्या ३ रुपये ५३ पैशांना तो शेअर कुणाला मिळत होता? विकणारा कोण वेडा होता? म्हैस पाण्यात होती आणि मोल काठावर चाललं होतं. ज्या भावाला हातात माल येत नाही तो भाव धरून चालू नका. आणि हेच उलट बाजूनंही खरं आहे: तुमच्या खात्यात दीड लाखाचे शेअर दिसतात, पण घेणारा नसेल तर ते दीड लाख नव्हेत.

म्हणून माझी एक अट असते. ह्या शेअरला पुढची पाच वर्षं एकही गिऱ्हाईक आलं नाही, तरी मला चालेल का? कंपनी दर वर्षी हातात काही देते का? झडपांच्या कंपनीचे वर्षाला ३ हजार ६०० रुपये येत होते, म्हणजे पाच टक्के. जमीन घेतल्यावर तिचा भाव आपण रोज सकाळी विचारत नाही, पण तिच्यात पीक येतं का हे बघतो.

त्या शेअरचं पुढं काय झालं? २३ मार्च २०२० ला सगळा बाजार कोसळला तेव्हा माझ्या स्क्रीनवर घेणाऱ्यांची बाजू कोरी होती. एक ऑर्डर नाही. त्या दिवशी मला पैसे लागले असते तर माझ्याकडे कागद होता, पैसा नव्हता. लाभांश त्या वर्षी ६ चा ४ झाला, पण आला. २०२१ च्या उत्तरार्धात लहान कंपन्यांकडे लोकांची रीघ लागली आणि जिथं पन्नास शेअर हलत नव्हते तिथं दिवसाला तीन-चार हजार हलायला लागले. मी २९० ते ३२० च्या दरम्यान ३५० शेअर हळूहळू दिले. २५० अजून आहेत. गिऱ्हाईक येतं, पण त्याची तारीख आपल्या हातात नसते. मुलाच्या फीची तारीख मात्र ठरलेली असते.

आणि आता जे सांगायला जड जातं ते. २०१६ मध्ये मी आणखी एका कंपनीत ३८ हजार घातले. रसायनांची होती. कागदावर झडपांच्या कंपनीपेक्षाही स्वस्त, भाव शेअरमागच्या नफ्याच्या फक्त चौपट. नफा दर वर्षी वाढत होता. पण धंद्यातून आलेली रोकड, ती ओळ ताळेबंदाच्या मागच्या पानावर असते, तीन वर्षं उणे होती. येणी वाढत चालली होती. मी ते बघितलं होतं. सव्वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला ते दिसणारच. पण स्वस्त आहे, स्वस्त आहे असं मन म्हणत राहिलं आणि मी त्या ओळीला काहीतरी कारण शोधून दिलं. नंतर कळलं की पैसा मालकांच्याच दुसऱ्या एका कंपनीला उसना दिला होता. ते तळटिपेत छापलेलं होतं, बारीक अक्षरात. मग ऑडिटरनं राजीनामा दिला. मग रोज लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा पडू देतात ती खालची मर्यादा: विकणारे हजार, घेणारा शून्य, भाव पाच-पाच टक्क्यांनी खाली. मी रोज सकाळी विकायची ऑर्डर टाकत होते आणि रोज संध्याकाळी ती तशीच परत येत होती. शेवटी व्यवहारच बंद झाले. ते शेअर आजही माझ्या डीमॅटमध्ये आहेत. विकता येत नाहीत.

तेव्हापासून मी वार्षिक अहवाल मागून वाचते. आधी संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप, मालकांच्या नातेवाइकांना दिलेलं भाडं, पगार, उसने. मग रोख प्रवाहाची दहा वर्षं एका कागदावर, हातानं लिहून. हातानं लिहिलं की उणे आकडा डोळ्यांत खुपतो. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का ते बघते. जमीन, इमारत वगैरेंच्या पुस्तकी मूल्याला, म्हणजे ताळेबंदात लिहिलेल्या किमतीला, मी फारसं वजन देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जागेची आजची किंमत कितीही असो, मालक ती विकून तुम्हाला वाटणार नसतील तर तुमच्या ताटात त्यातलं काही पडत नाही. असे दहा अहवाल वाचले की त्यातल्या सात-आठ कंपन्या स्वस्त आहेत त्याच लायकीच्या आहेत, हे कळतं.

किती पैसे घालावेत, हेही विचारतात. माझ्या बचतीचा पाचवा हिस्सा, त्याहून जास्त कधीच नाही, आणि तो आठ-नऊ कंपन्यांत वाटलेला. बाकी बँकेत आणि पोस्टात. घराचा हप्ता चालू असलेल्या भाच्याला मी साफ नाही म्हणून सांगितलं. तो रुसला, पण माझं मत बदललं नाही.

गल्लीतल्या त्या मुलाला मात्र मी नाही म्हटलं नाही. त्याचं लग्न व्हायचंय, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे, अंगावर कर्ज नाही. त्यानं एका कंपनीचं नाव आणलं होतं. मी म्हटलं, नाव नको, अहवाल आण. रविवारी तो १४० पानं छापून घेऊन आला आणि आम्ही जेवणानंतर टिपांना बसलो. बाविसाव्या टिपेत मालकांच्या भावाच्या कंपनीकडून येणं निघालं, सव्वादोन कोटी. तो म्हणाला, "काकी, हे तर विक्रीचंच असंल की." असू शकेल. गेल्या वर्षी ते किती होतं, हे बघायला तो आता मागचा अहवाल शोधतोय.