हात नव्हे, मांडी

गोव्यात दिवाळीला नरकासुराचा पुतळा पेटवताना पेट्रोल ओततात तिथेच घात होतो. बांबूच्या सांगाड्यात सुकं गवत ठासलेलं असतं, पेट्रोलची वाफ भोवताली पसरते आणि काडी ओढताच भडका थेट ओतणाऱ्याच्या अंगावर येतो. त्या दिवाळीत आमच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात आलेला दहा वर्षांचा मुलगा असाच भाजला होता. उजव्या हाताची मागची बाजू खोलवर गेलेली. डाव्या मांडीची कातडी काढून तिचं ग्राफ्ट, म्हणजे कलम, हातावर लावलं होतं. हात स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या कडक पट्टीत : मनगट किंचित मागे, बोटं मुळाशी वाकलेली, पुढे सरळ. पाच दिवस हलवायचा नाही.

चौथ्या दिवशी मी त्याला चित्र काढायला रंग घेऊन गेले. या वॉर्डात रंगपेटी फिरवत नाहीत. औषधाच्या प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांत प्रत्येकाचा रंग वेगळा, काम झालं की वाटी टाकायची. पाणी उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्यातले जंतू जखमेत गेले की ड्रेसिंग हिरवं पडतं. रांगोळी आणि खडू नाहीतच, भुकटी उडते. मेणाचे खडूही नकोत, तुकडे बँडेजमध्ये शिरतात. कागद पुसता येईल अशा पाटीवर चिकटवायचा. गोव्याच्या दमट हवेत नुसता कागद गुंडाळूनच येतो.

वेळही सांभाळावी लागते. वेदनाशामक दिल्यावर ड्रेसिंगपर्यंतची तीस-चाळीस मिनिटं आमची. गुंगीचं औषध द्यायचं असेल तर मूल उपाशी असतं. तेव्हा दहा मिनिटांवर ताणू नये.

त्याला माणसाची रिकामी आकृती दिली, पुढून आणि मागून. लाल म्हणजे दुखणं असं आपण ठरवायचं नसतं, म्हणून आधी त्यालाच विचारलं. सगळ्यात जास्त दुखणं? "हिरवा." का, ते सांगितलं नाही. डाव्या हाताने, कोपर उशीवर टेकवून त्याने रंगवायला घेतलं. उजव्या हातावर पिवळ्याचा एक फराटा. आणि डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, हिरवा इतका घासला की कागद फाटला.

आई म्हणाली, "अरे, मांडी दुखते तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळी हाताचंच विचारता."

बरोबरच होतं. रोज सकाळी डॉक्टर, सिस्टर, आम्ही, सगळ्यांनी "हात दुखतो?" एवढंच विचारलं होतं. खोल भाजलेल्या जागी संवेदनेच्या नसांची टोकं जळून गेलेली असतात, म्हणून तिथे दुखणं कमी जाणवतं. कातडी काढलेल्या मांडीवर मात्र ती उघडी पडतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही.

सिस्टरने मांडीचं बँडेज पाहिलं. पाझरून वाळलेल्या वरच्या थराची कड पापडासारखी कडक झाली होती आणि पाय दुमडला की टोचत होती. आतला गॉज, म्हणजे जाळीदार कापड, खाली कातडी आली की आपसूक सुटतो. ओढला तर ती सोलून निघते, म्हणून त्याला हात लावला नाही. फक्त वरचे पॅड बदलले, कड कात्रीने कापली.

दुखणं मोजायचा सहा चेहऱ्यांचा जो तक्ता आज सगळीकडे दिसतो, तोही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टल्सा इथल्या भाजलेल्यांच्या विभागातच सुरू झाला. रिकाम्या वर्तुळांत मुलांकडूनच चेहरे काढून घेतले होते. आमचा तक्ता भिंतीवर होता. त्यावर बोट ठेवून तो रोज दहापैकी "आठ" सांगे आणि आम्ही ते आठ हाताच्या खात्यावर मांडत होतो.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओने हो म्हटल्यावर ब्रश उजव्या हातात दिला. दांडीवर गॉज गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली. बारीक दांडी धरायला बोटं आवळावी लागतात आणि नवी कातडी घासते. त्याने चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, काढायला घेतली. दोन फळं झाली. तिसरं अर्धं राहिलं, जेवण आलं म्हणून.