गोड की तिखट?

परवा दुपारी शेजारच्या वहिनींनी स्टीलचा डबा पाठवला. झाकण घट्ट बसलेलं. मी तो उघडण्याआधी कानाशी नेऊन हलवला आणि जाहीर केलं, "शंकरपाळी. जरा जाड लाटलीयेत." बायकोने मान वर केली नाही. या खोडीकडे बघणं तिने कधीच सोडून दिलंय. औषधाची बाटली, कुरिअरचं पाकीट, नवी पेन्सिलपेटी, काहीही हातात आलं की मी आधी वाजवून बघतो. नारळाचं सोडा, तो सगळेच वाजवतात.

हे हादग्याचं देणं. आम्ही मिरजेचे. पुण्यामुंबईकडे भोंडला असतो, विदर्भात भुलाबाई. पण डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही, हा कायदा सगळीकडे एकच. पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर, आणि फेरात मुलग्यांना जागा नाही. मग गल्लीतल्या बायकांनी माझ्यासाठी दोन कामं काढली. गाणी मोजायची आणि खिरापतीचा डबा धरायचा.

गाणी मोजायची, कारण पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवसापर्यंत चढत जायचं. खिरापतीही अशाच चढत्या, हा जुना नियम. आमच्या वेळेपर्यंत गल्लीने तो गुपचूप एक-दोन पदार्थांवर आणून ठेवला होता. गाणं संपलं की डाव्या खिशातला चिंचोका उजव्या खिशात. ऐकायला सोपं वाटतं. पण हादग्याची गाणी एकातून दुसऱ्यात कधी घसरतात ते कळत नाही, आणि भूक लागली की मुली लय वाढवून मधली दोन कडवी गिळतात. टाळी कुठे पडली, फेर कुठे वळला, यावर कान ठेवूनच चिंचोका हलवावा लागे. मला सम कळली ती तिथे. पुढे तबल्याच्या क्लासात पैसे भरून तीच पुन्हा शिकलो.

सोळा दिवसांची मिळून गाणी किती, असं मी एकदा आजीला विचारलं. ती वाती वळत होती. "पहिला नि शेवटचा दिवस मिळून सतरा. दुसरा नि पंधरावा मिळून सतरा. अशा जोड्या आठ. सतरा आठे छत्तीसासे." वातीवरचा हात थांबला नाही. 136. हेच शाळेत फार पुढे सूत्र होऊन फळ्यावर आलं, तेव्हा वर्गात उगाचच गंभीर वातावरण होतं.

पण खरी मजा डब्याची. गाणी संपली की मुली विचारायच्या, "गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? ओलं की सुकं?" दोन-तीन उत्तरांत निम्मा फराळ बाद. मग मी डबा हलवायचा. शंकरपाळी खुळखुळतात. चुरमुऱ्यांचा चिवडा सळसळतो. लाडू गडगडत जाऊन कडेला धाडकन थांबतो. करंज्यांचा आवाज दुहेरी, एक डब्याचा आणि एक करंजीच्या पोटातला. सारण कमी भरलं असेल तर करणारणीची अब्रू तिथेच जायची. वाटली डाळ आणि शिरा मुके. म्हणजे आवाज नाही हाही आवाजच. आईने एकदा शिऱ्याच्या डब्यात छोट्या डबीत चार सुपाऱ्या घालून ठेवल्या होत्या. मुली अर्धा तास लाडवांच्या जाती मोजत बसल्या.

आईचा स्वतःचाच कान तसा. चकल्या तळताना ती पोळपाटाकडे तोंड करून पुढची चकली पाडत असायची, आणि मला कढईपासून चार हात लांब बसवून विचारायची, "आवाज बसला का रे?" पिठातल्या पाण्याची वाफ होते तोवर तेल चरचरतं, पाणी सरलं की चरचर बसते आणि चकली तयार. हे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आईला कारणाची गरज नव्हती.

गावच कानाचं म्हणा. सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे रचून ठेवलेले असायचे. कारागीर भोपळ्यावर टिचकी मारून कान द्यायचा, तंबोरा नंतर. आई मंडईत लाल भोपळ्यावर अगदी तशीच टिचकी मारायची, आणि भाजीवालीही तिला त्यावरून कधी बोलली नाही.

हल्ली अंक शिकवायला प्लास्टिकच्या गाजर-टोमॅटोंचा संच मिळतो. भाचीच्या मुलीसाठी आणलेला मी अर्थातच वाजवून पाहिला. गाजर आणि टोमॅटो एकाच सुरात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा भोवताली सापडेल त्याच वस्तूंवर त्यांची भिस्त होती. चिंचोक्याला निदान जीभ लावून बघता येते.

गल्लीच्या टोकाला एक घर होतं. तिथे नवरा आजारी, बाई शिवणकाम करायच्या. त्यांच्याकडची पाळी आली की डब्यात दर वर्षी तेच, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. तो आवाज बहिरासुद्धा ओळखेल. तरी मुली ओळखायच्या नाहीत. बर्फी, साटोऱ्या, चिरोटे, बेसनाचे लाडू, एकेक नाव घेऊन हरायच्या, आणि बाई दारात उभ्या राहून "नाही, नाही" म्हणत हसायच्या. हे त्यांचं आपसात कधी ठरलं होतं, मला माहीत नाही. एका वर्षी माझ्या धाकट्या भावाला राहवलं नाही. "अगं, शेंगदाणे आहेत! वाजतायत की!"

आमच्या आक्काने फेरातला हात सोडून त्याच्या पाठीत धपाटा घातला. "गप रे. अनारसे असतील."